पाटल्या

पुणे, रविवार, दुपार

प्रिय कुंदे,

तुझा फोन तीन वेळा येऊन गेला आणि तिन्ही वेळा मी उचलला नाही, म्हणून आधी माफी. फोनवर बोलले असते तर रडले असते आणि तू तिकडे रत्नागिरीत जीव टांगणीला लावून बसली असतीस. शिवाय हे सगळं सांगायचं तर तुला १९९८ सालात परत न्यावं लागणार, ते फोनवर जमणारं नाही. चहा घेऊन बस.

आईला जाऊन आठ महिने झाले. तेराव्याला दादा सगळ्यांसमोर म्हणाला होता, "आईनं मृत्युपत्र केलंय, माझ्याकडे आहे, सवडीनं बघू." ती सवड काही आली नाही. दिवाळीत विचारलं तर म्हणे कपाटाची किल्ली वहिनीकडे आहे आणि वहिनी माहेरी गेलीय. संक्रांतीला विचारलं तर, "तुला काय घाई आहे गं? विश्वास नाही का?" आता यावर काय बोलणार! विश्वास नाही म्हणावं तर मी वाईट, आहे म्हणावं तर विषय संपला. शेवटी म्हटलं, अरे, नुसती झेरॉक्स दे. तर गप्प. कुंदे, ज्या माणसाचं टिळक रोडला झेरॉक्सचं दुकान आहे त्याला सख्ख्या बहिणीला एका कागदाची झेरॉक्स देववेना.

फेब्रुवारीत मात्र स्वतःहून आला, हातात कागद घेऊन. मला वाटलं आणलं बाई एकदाचं. बघते तर हक्कसोडपत्राचा मसुदा. "फॉर्मॅलिटी आहे, मंगळवारी निबंधकाकडे येऊन सही करून जा. सोसायटीत नॉमिनी मीच आहे, म्हणजे फ्लॅट तसाही माझाच." मी हो म्हटलं, पोहे केले, तो खाऊन गेला. रात्री भांडी विसळताना डोक्यात आलं, की मृत्युपत्रात सगळं त्याला दिलं असेल तर माझी सही त्याला कशाला हवी? ज्याच्या हातात हुकमाचा पत्ता आहे तो दुसऱ्याकडे पान मागेल का?

मंगळवारी गेले नाही. बुधवारी मेट्रोनं सिव्हिल कोर्टला उतरून ह्यांच्या ऑफिसातल्या एकानं सुचवलेल्या वकीलबाईंकडे गेले. बाई तुझ्यामाझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण स्पष्ट. म्हणाल्या, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो नुसता सांभाळणारा. फ्लॅट आईच्या नावावर, बाबा आधीच गेलेले. तेव्हा मृत्युपत्र नसतं तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलाला अर्धा, मुलीला अर्धा. मृत्युपत्र असेल तर आईची इच्छा चालणार, मग मला शून्य दिलं असेल तरी. पण ती इच्छा काय हे आधी बघायला तर हवं! ते कुणी दाबून ठेवलं तर जिल्हा न्यायाधीश त्याला कोर्टात हजर करायला लावू शकतात, १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात तशी सोय आहे. आणि बदमाशीनं मृत्युपत्र फाडणं काय किंवा लपवणं काय, दोन्ही गुन्हेच, सात वर्षांपर्यंत कैद किंवा थेट जन्मठेपसुद्धा. जन्मठेप म्हटल्यावर माझा चेहरा उतरला असणार, कारण बाई लगेच म्हणाल्या, "ताई, घाबरू नका, मी फक्त कायदा सांगितला. आधी एक आठवा. आई कधी कचेरीत जाऊन आल्या होत्या का? फोटो, अंगठा वगैरे?"

आणि कुंदे, तिथे खुर्चीत बसल्या बसल्या मला आईचा अंगठा दिसला.

२०१४ चा मे महिना. आई भर उन्हात कर्वेनगरला आमच्याकडे आली, कैरीच्या लोणच्याची बरणी घेऊन. पाणी पिता पिता स्वतःचा अंगठा उलटसुलट करून बघत होती. म्हणाली, "आज एका सरकारी कचेरीत गेले होते. माझा अंगठा मशीनवर उमटेचना. पदराला पुसून चार वेळा ठेवायला लावला. भांडी घासून घासून रेषाच गेल्यात गं, मशीन म्हणतंय या बाई कोणी नाहीतच." आणि खळखळून हसली. मी विचारलंसुद्धा नाही कुठली कचेरी. पेन्शनचं काहीतरी असेल, असं धरून चालले. आपण आईबापांचं किती ऐकतो आणि किती नुसतं कानावर घेतो!

वकीलबाईंनी टेबलावर हातच मारला. नोंदवलेलं मृत्युपत्र लिहिणारा जिवंत असेपर्यंत दुसऱ्या कुणाला मिळत नाही, पण तो गेल्यावर त्याची नक्कल कुणीही अर्ज करून मागू शकतं. मृत्यूचा दाखला जोडायचा. म्हणजे आठ महिने मी दादाच्या कपाटाच्या किल्लीमागे धावत होते आणि दुसरी प्रत सरकारात पडून होती.

आता कचेरी कुठली हा प्रश्न. पुण्यात दुय्यम निबंधकांच्या कचेऱ्या 'हवेली क्रमांक अमुक' अशा वीसच्या वर आहेत. मग साक्षीदार कोण असतील याचा विचार केला. मृत्युपत्राला दोन लागतात. आईचा विश्वास कुणावर, तर खालच्या मजल्यावरच्या काकूंवर, त्या आता कोथरूडला मुलाकडे असतात. गेले. ऐकू कमी येतं, पण डोकं लख्ख. "हो, मी सही केली. आत काय लिहिलंय ते मी वाचलं नाही, तुझ्या आईनं वाचू दिलंही नाही." (साक्षीदारानं मजकूर वाचलेला असायलाच हवा असं काही नसतं म्हणे. सही आपल्यादेखत झाली एवढंच त्यानं सांगायचं.) कचेरी आठवेना. पण, "खाली गुऱ्हाळ होतं. सही झाल्यावर तुझ्या आईनं आम्हा दोघांना उसाचा रस पाजला. आलं घालून." त्या गुऱ्हाळावरून कचेरी सापडली! अर्ज, फी, "साहेब आज नाहीत", "सोमवारी या", ते सगळं तुला माहीत आहे, त्यात पान घालवत नाही. परवा शिक्क्यासकट नक्कल हातात पडली. टाइप केलेली दोन पानं. दुसऱ्या पानाखाली आईचा वेबकॅमेऱ्यातला फोटो, चष्मा काढायला लावलेला, त्यामुळे जराशी बावरलेली.

फ्लॅट दोघांना निम्मा निम्मा. बँकेतल्या ठेवी, तीन लाखांच्या आसपास, मला. आणि ठेवी मलाच का, याचं कारण लिहिलंय. तेवढा भाग जसाच्या तसा उतरवते.

"माझ्या पाच तोळ्यांच्या पाटल्या मुलीच्या लग्नासाठी ठेवल्या होत्या. त्या सन १९९८ मध्ये चोरीस गेल्या नसून मुलाच्या धंद्यातील देणे भागविण्यासाठी मी स्वतः मोडल्या. ही गोष्ट मी मुलीपासून लपविली. त्याची भरपाई म्हणून ठेवी तिला देत आहे."

कुंदे, आठवतंय? आईच्या पाटल्या पीएमटीत मारल्या गेल्या म्हणून आपण दोघी स्वारगेट डेपोत कंडक्टर गाठत फिरलो होतो. तू तर एकाला "तुमचं लक्ष कुठं असतं?" म्हणून झापलंस, आणि त्या गरीब माणसानं आपल्याला पाणी आणून दिलं. पोलिसात जाऊ म्हटलं तर आई "नको, नको, चौकीची पायरी नको" करत देवघरात जाऊन बसली. आपल्याला वाटलं घाबरली. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं ते दोन बारीक बांगड्यांवर, आणि सासूबाईंनी ते बरीच वर्षं ऐकवलं, तेही तुला माहीत आहे.

म्हणजे दादा एसटीडी बूथच्या कर्जात बुडाला होता आणि आईनं त्याला वर काढलं. पुढे त्याच जागेत झेरॉक्स आलं, मोबाइल आले, दुकान चाललं. तो आजही वहिनीच्या माहेरच्यांसमोर छाती काढून सांगतो, आईबापांचा एक रुपया न घेता उभं केलं. वहिनीला आणि भाचीला यातलं काही ठाऊक नाही. तो फ्लॅट लपवत नव्हता गं. हा एक परिच्छेद लपवत होता. त्यासाठी बहिणीचा निम्मा फ्लॅट गिळायलाही तयार झाला, हे मात्र मी विसरणार नाही.

वकीलबाई म्हणतात, आता सोपं आहे, एक नोटीस पाठवू, नाही ऐकलं तर वाटपाचा दावा. पुण्यात प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाची मोहोर घेणं, तेसुद्धा सक्तीचं नाही. पण नोटिशीला मृत्युपत्र जोडायचं म्हणजे पोस्टमन पाकीट वहिनीच्या हातात देणार. आणि आई? तिनं सोळा वर्षं मनात ठेवलं, मग अंगठा चार वेळा पुसून लिहून ठेवलं. ते तिला माझ्यापर्यंत पोचवायचं होतं की सगळ्यांपर्यंत? पाटल्यांचा मला राग आलाय. दादापेक्षा आईचाच जास्त आलाय. देवघरात बसून माझ्यादेखत खोटं बोलली, आणि मी तिचे पाय चेपत बसले होते.

काल रात्री दादाला फोन केला. म्हटलं, "नक्कल मिळाली." मागे दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मग म्हणाला, "वाचलीस?"

"हो."

"सगळी?"

शनिवारी येतोय, एकटाच. हक्कसोडपत्राचं नावही काढलं नाही. तू शुक्रवारी रात्री फोन कर, या वेळी उचलते. आणि त्या पाटल्या तू नीट पाहिल्या होत्यास ना गं? माझ्या डोळ्यांसमोर नुसता सोन्याचा रंग येतो, घडण आठवत नाही. तुला आठवत असेल तर लिही.

तुझी,
नीलू