दीपगृहाकडे पाठ करून मांडलेली खुर्ची

गोव्यातील आग्वाद किल्ल्यावरील पहारेकरी दादांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी सायंकाळी आपण माझ्या वडिलांसाठी जे केले, त्याबद्दल त्या वेळी माझ्या तोंडून धड दोन शब्दही निघाले नाहीत, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

बाबा १९६९ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, खनिज वाहणाऱ्या बार्जवर खलाशी म्हणून लागले. आमोण्याला माल भरून मांडवी नदीतून खाली यायचे, नदीचे मुख ओलांडून मुरगाव बंदर गाठायचे आणि रिकाम्या बार्जने परतायचे, हा त्यांचा अनेक वर्षांचा क्रम. रात्री परतताना काबोचे टोक वळले की डाव्या हाताला आग्वादचा दिवा दिसे आणि घर जवळ आल्याची खूण पटे. पावसाळ्यात मुखाशी वाळू साचून लाटा फुटू लागल्या की बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारी नदीत न्यावी लागे. ते चार महिने दिवा दिसत नसे आणि बाबांना चुकल्यासारखे होई. १८६४ सालच्या त्या बुटक्या मनोऱ्याचे काम १९७६ मध्ये शेजारच्या नव्या दीपगृहाने घेतले, तरी बाबांच्या बोलण्यात 'दिवा' म्हणजे जुनाच. एवढ्या वर्षांत किल्ल्यावर मात्र ते एकदाही चढले नव्हते.

अर्धांगवायूनंतर त्यांनी ही एकच इच्छा बोलून दाखवली. त्यासाठी आम्ही याआधी दोनदा निघालो होतो. पहिल्या खेपेला ठरवलेल्या गाडीवाल्याने "वर पाहण्यासारखे काय आहे?" म्हणत आम्हाला वाटेतूनच परत फिरवले. दुसऱ्या खेपेला चाकांच्या खुर्चीचे आश्वासन देणाऱ्या गृहस्थांनी ऐनवेळी फोनच उचलला नाही, आणि बाबा नवा सदरा घालून ओसरीवर दुपारपर्यंत बसून राहिले. तो सदरा त्यांनी स्वतःच घडी करून ठेवला, हे मला अजून विसरता येत नाही.

आपण त्यांना हाताला धरून जांभ्या दगडाच्या त्या उंचसखल अंगणात आणलेत, स्वतःची खुर्ची दिलीत. एवढे कोणी भला माणूस करील. पण मी छायाचित्रासाठी खुर्ची दीपगृहासमोर ठेवू लागलो, तेव्हा आपण बाबांना त्यांच्या नोकरीविषयी विचारलेत, क्षणभर थांबलात आणि खुर्ची उचलून तटाजवळ, मनोऱ्याकडे पाठ करून मांडलीत. "काका, तुमी दर्यांतल्यान हें सदांच पळयलां न्हय? आतां हांगाच्यान दर्या पळयात," असे आपण कोंकणीत म्हणालात; समुद्रातून हे नेहमीच पाहिलेत, आता इथून समुद्र पाहा.

मी त्यांचा मुलगा, आणि हे मला सुचले नव्हते.

बाबा अर्धा तास मांडवीच्या मुखाकडे पाहत होते. बार्ज कुठे वळवायची, वाळू कुठे लागायची, हे ते चांगल्या हाताने आपल्याला दाखवत होते, आणि बंद करायची वेळ होत आली असतानाही आपण घड्याळाकडे पाहिले नाहीत. समोरच्या माणसाला काय पाहायचे आहे हे ओळखण्यासाठी पद लागत नाही, पैसाही लागत नाही. तरी अशी माणसे भेटायला आम्हाला तिसरी खेप पडली.

आपले नाव विचारायचे राहून गेले. पावसाळा सरून मुखावरची वाहतूक सुरू झाली की पुन्हा जायचे, असे बाबांनी ठरवले आहे. त्या दिवशी पहाऱ्यावर आपणच असावे, एवढीच त्यांची इच्छा आहे. तो सदरा इस्त्री करून कपाटात ठेवला आहे.

आपला ऋणी,
एका खलाशाचा मुलगा