ताऱ्यांच्या जन्मस्थानची धूळ

परभणी

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार. औंढा नागनाथजवळ उभारल्या जाणाऱ्या लायगो-इंडियाबद्दल लिहिताना तू विचारले आहेस की, लहरी एकमेकींत मिसळून मोजण्याच्या युक्तीने तारे जन्मतात ती ठिकाणेही पाहता येतात काय. औंढ्याचे यंत्र गुरुत्वीय लहरी टिपणार आहे; तू विचारतोस ते काम चिलीमधील अटाकामा वाळवंटात, सुमारे ५००० मीटर उंचीवर, ‘आल्मा’ या दुर्बिणीच्या ६६ अँटेना करतात. हवेतील बाष्प मिलिमीटर लहरी (सुमारे एक मिलिमीटर तरंगलांबीच्या रेडिओ लहरी) शोषून घेते, म्हणून इतकी कोरडी आणि उंच जागा निवडावी लागली.

हिवाळ्यात आपण पाहतो त्या कृत्तिका-रोहिणीच्या दिशेला, सुमारे ४५० प्रकाशवर्षांवर, वायू आणि धुळीचे मोठे मेघ आहेत. ही धूळ मागच्या ताऱ्यांचा दृश्य प्रकाश अडवते, त्यामुळे छायाचित्रांत तिथे काळोख दिसतो. पण शून्याखाली अडीचशे अंश सेल्सिअसपेक्षाही थंड असलेले तेच कण मिलिमीटर तरंगलांबीत स्वतः मंद प्रकाशतात, आणि तो प्रकाश मेघातून बहुतांशी न अडता बाहेर येतो. म्हणूनच त्याच्या तेजावरून, तापमान गृहीत धरून, धुळीचे वस्तुमान काढता येते. २०१४ साली याच मेघातील एचएल टॉरी या कोवळ्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या वायू-धुळीच्या चपट्या तबकडीत आल्माला एकाआड एक उजळ कडी आणि काळसर फटी दिसल्या. इतक्या लवकर तबकडीत अशी रचना झालेली असेल, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

मात्र चित्र वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेव. अँटेनांची प्रत्येक जोडी तिच्या अंतरानुसार ठरावीक आकाराचाच तपशील टिपते. सोळा किलोमीटरपर्यंतच्या दूरच्या जोड्या बारकावे देतात, जवळच्या जोड्या रुंद पसारा. पण दोन अँटेना स्वतःच्या व्यासापेक्षा जवळ येऊच शकत नाहीत, म्हणून मेघाची सर्वांत विस्तीर्ण, सपाट चमक मोजणीतून निसटते आणि तिथे धूळच नाही असा भास होतो. ती उणीव भरण्यासाठी ७ मीटर व्यासाच्या बारा अँटेना दाटीने मांडल्या आहेत आणि १२ मीटरच्या चार अँटेना एकेकट्या मोजणी करतात.

धुळीचे कण आकाराने वाढत आहेत का, हे मात्र एका तरंगलांबीवरून कळत नाही. लहान कणांची चमक तरंगलांबीबरोबर झपाट्याने घटते, मिलिमीटरएवढ्या झालेल्यांची सावकाश. अर्थात तबकडी दाट असली तरी चमक अशीच सावकाश घटताना दिसते, त्यामुळे मी अशा निष्कर्षांवर लगेच विश्वास ठेवत नाही.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
दिनकर