ज्येष्ठ संघनायकाने जेवायचे कुठल्या चुलीवर?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आमच्या स्काऊट पथकात संघ पद्धत पाळली जाते, म्हणजे पथकाचे छोटे संघ पाडून प्रत्येकाचा कारभार मुलांमधल्याच एका संघनायकाकडे दिला जातो, असे सगळेच सांगतात. पण पथकातली चौदा ते सतरा वयाची मोठी मुले त्या पद्धतीत नेमकी कुठे बसतात, असे विचारले की दहा जणांची दहा उत्तरे मिळतात. सगळ्या संघनायकांच्या वरचा ज्येष्ठ संघनायक, त्याचा सहायक, सामान सांभाळणारा क्वार्टरमास्टर, लेखनिक, नव्या मुलांचे मार्गदर्शक ही मंडळी संघात धरायची की बाहेर? एरवी हा प्रश्न कागदी वाटतो. शिबिराच्या पहिल्या संध्याकाळी शिधा वाटायला घेतला की मात्र त्याचे उत्तर तिथल्या तिथे द्यावे लागते. आमचे मत असे की ज्येष्ठ संघनायक आणि त्याचा सहायक एवढे दोघेच संघाबाहेर असावेत. बाकीच्यांनी, एखादा अपवाद सोडल्यास, आपापल्या संघातच राहावे.

संघ सहा ते आठ जणांचा असतो आणि त्याच्या आतले निर्णय संघनायकाचे असतात. तंबू कुठे ठोकायचा, लाकूडफाटा कोणी आणायचा, आज भात कोणाकडे, हे त्याने ठरवायचे. त्याच संघात ज्येष्ठ संघनायक सभासद म्हणून बसला की काय होते ते पाहा. लाकडे ओली आहेत, चूल पेटत नाही. तेरा वर्षांचा संघनायक सांगतो, आधी साल सोलून आतल्या कोरड्या गाभ्याच्या ढलप्या काढा. पोरे त्याचे ऐकायच्या आधी मागे उभ्या असलेल्या मोठ्याच्या तोंडाकडे बघतात. मोठा भल्या मनाने पुढे होतो, चाकू घेतो आणि पाच मिनिटांत चूल पेटवून देतो. जेवण वेळेवर होते, पण त्या संघाचा नायक उरलेले शिबिरभर नावापुरता राहतो. यात कोणाचाच हेतू वाईट नसतो, म्हणूनच हे लवकर लक्षात येत नाही.

दुसरी अडचण तपासणीच्या वेळची. सकाळी तंबूंची पाहणी करून गुण देण्यात ज्येष्ठ संघनायकाचा हात असतो. त्याची पथारी त्यातल्याच एका तंबूत असेल, तर त्याने कितीही न्यायाने गुण दिले तरी बाकीचे संघ कुरकुर करणारच. संघनायकांच्या सभेतही तेच. सभेचा अध्यक्ष ज्येष्ठ संघनायकच; तो एका संघाचा सभासद असला की पुढच्या सहलीचे ठिकाण ठरवताना त्या संघाचे वजन नकळत दुप्पट होते.

अमेरिकेतल्या स्काऊटिंगमध्ये ही रचना पक्की बसली आहे. ज्येष्ठ संघनायक साऱ्या पथकाच्या मतदानाने निवडला जातो, सहायक तो स्काऊट मास्टरच्या संमतीने नेमतो आणि पदावर असेपर्यंत दोघेही कुठल्याच संघाचे सभासद नसतात. मात्र ही रचना लहान पथकाने जशीच्या तशी उचलू नये. समजा पथकात चौदा मुले आहेत. दोन बाहेर काढली की सहा-सहांचे दोन संघ उरतात. एका संघातले दोघे आजारपणाने किंवा परीक्षेमुळे गळाले की राहिले चार. दोघे स्वयंपाकाला, एक पाण्याला, एक लाकडांना. भांडी घासायला आणि जागा साफ ठेवायला कोणीच नाही. एवढ्या पथकाला ज्येष्ठ संघनायक हवाच कशाला? दोन्ही संघनायकांनी आलटून पालटून सभा चालवावी, काम भागते. तीन संघ भरले की मगच हे पद सुरू करावे. 1907 साली इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी जे पहिले शिबिर भरवले, त्यात लांडगे, बैल, डोमकावळे आणि कर्ल्यू (एक पाणपक्षी) असे चार संघ होते, त्यांवर मुलांमधलेच चार नायक होते आणि त्यांच्यावर थेट मोठी माणसे. संघ आधी आला, वरची पदे नंतर आली. हा क्रम आजही विसरू नये.

निवडणुकीत बहुधा एखादा संघनायकच ज्येष्ठ संघनायक होतो. मग त्याचा संघ पोरका होतो आणि उपसंघनायक चालवून घेईल म्हणून गोष्ट तशीच सोडून दिली जाते. हे टाळावे. त्याच बैठकीत त्या संघाने नवा नायक निवडावा. उपसंघनायक निवडून आला तर उत्तमच, पण तो आपोआप वर चढत नाही. संघाचा झेंडा, हजेरीची वही, पेटीतल्या सामानाची यादी आणि ठरलेला ड्युटीचा तक्ता, एवढे सगळ्यांसमोर हातात द्यावे. यादी वाचून, सामान मोजून. नाहीतर पुढे पातेले हरवले की दोन्ही नायक एकमेकांकडे बोट दाखवतात.

आता चूल. संघाबाहेरच्या दोघांनी जेवायचे कुठे? मोठ्या माणसांच्या पंगतीत बसवले तर ते मुलांपासून तुटतात आणि लहान पोरांना ते अर्धे मास्तर वाटू लागतात. दोघांची वेगळी चूल मांडली तर त्यांचा निम्मा वेळ स्वयंपाकात जातो. आम्हाला पाहुण्याची रीत सर्वांत बरी वाटते. दोन रात्रींच्या शिबिरात सहा जेवणे धरा आणि संघ तीन. ज्येष्ठ संघनायक प्रत्येक संघाकडे दोनदा जेवेल, सहायकही दोनदा, पण एका वेळी एका चुलीवर दोघे नकोत. म्हणजे शिबिरभरात प्रत्येक संघाला चार ताटे जास्तीची धरायची. हा तक्ता शिधा खरेदीच्या आधी संघनायकांच्या हातात पडला पाहिजे, आणि पाहुण्यांच्या वाट्याची वर्गणी तिन्ही संघांच्या हिशेबात सारखी वाटली पाहिजे. हे राहून गेले की आठ जणांचे जेवण नऊ जण जेवतात आणि कमी पडते ते शेवटी वाढून घेणाऱ्याला. तो बहुतेक वेळा सर्वांत लहान असतो. पाहुण्याने स्वयंपाकात हात घालायचा नाही, सल्ला विचारल्याशिवाय द्यायचा नाही, आपले ताट आपण घासायचे. भात करपला तर करपलेला खायचा. एखाद्या संघाचे कसे चालले आहे हे गुणांच्या तक्त्यापेक्षा त्या ताटावरून जास्त कळते.

झोपण्यासाठी दोघांचा मिळून एक छोटा तंबू द्यावा, तोही संघांच्या जागांच्या मध्यावर, मोठ्यांच्या ओळीत नव्हे. रात्री एखादे लहान मूल घाबरले तर त्याची हाक पोचेल एवढ्या अंतरावर. मोठ्या माणसाच्या तंबूत मुलाला झोपवायचे नाही, मग त्या मुलाकडे पद कितीही मोठे असो.

क्वार्टरमास्टर आणि लेखनिक यांचे काम रोजचे असले तरी थोड्या वेळाचे असते. सामान द्यायचे, परत घ्यायचे, हजेरी आणि वर्गणी लिहायची. त्यासाठी संघ सोडायचे कारण नाही. फक्त एक अडचण ठरलेली असते: क्वार्टरमास्टर सामान वाटत असतो त्याच घटकेला त्याच्या संघाचा तंबू उभा राहत असतो, आणि मग 'हा कामाला नसतो' अशी ओरड होते. संघनायकाने तक्ता करतानाच त्याला पहिल्या तासाच्या कामातून वगळून रात्रीची भांडी द्यावीत. ओरड थांबते. लेखनिकाने सभेत बसून टिपण घ्यावे, मत देऊ नये. त्याच्या संघाचे मत संघनायक देतच असतो. संघनायकाच्याच गळ्यात क्वार्टरमास्टरी मारणे तर साफ चूक. दोन्ही कामे नेमकी एकाच वेळी येतात.

नव्या मुलांच्या संघाला जोडून दिलेला मार्गदर्शक हा वर म्हटलेला अपवाद. तो त्या संघाबरोबर असतो, पण त्यात मोजला जात नाही. त्याने शिकवायचे ते शक्यतो संघनायकाला, आणि संघनायकाने आपल्या पोरांना. बैठकीआधी दहा मिनिटे संघनायकाकडून गाठ बांधून घ्यावी आणि बैठकीत मागे उभे राहावे. मार्गदर्शकच रांगेसमोर उभा राहू लागला की नव्या संघाला दोन नायक झाले असे समजा.

सोळा पूर्ण झालेल्यांसाठी अमेरिकेत कनिष्ठ सहायक स्काऊट मास्टर असे पद आहे. त्याचे काम मोठ्या माणसांच्या बाजूचे, म्हणून त्याने संघनायकांना थेट हुकूम सोडू नयेत. काही सांगायचे तर ज्येष्ठ संघनायकामार्फत.

सगळ्या मोठ्यांचा मिळून एक संघ करण्याचा मोह अनेक पथकांना होतो. पाच-सहा मोठी मुले खरोखर असतील आणि अवघड चढाई किंवा लांब पल्ल्याची पायपीट असा त्यांचा स्वतःचा कार्यक्रम असेल, तर जरूर करावा. पण नुसता पदाधिकाऱ्यांचा गट म्हणून केला तर बाकीचे संघ एका झटक्यात अननुभवी होतात आणि मोठी मुले खुर्च्यांवर बसून सूचना देऊ लागतात. आधी इतर प्रत्येक संघात चूल, तंबू आणि प्रथमोपचार येणारी निदान दोन मुले उरतात का, ते मोजून पाहावे.

राहता राहिला मुदत संपलेला ज्येष्ठ संघनायक. त्याने जुन्या संघात परतावे, मात्र लगेच नायकपदाला उभे राहू नये. त्याच्यामागे निवडून आलेल्याला आपली मुदत पुरी करू द्यावी. जुना संघ आठांनी भरलेला असेल तर ज्या संघात माणूस कमी आहे तिथे जावे, पण त्या संघाला विचारून. आणि पहिल्याच शिबिरात तक्त्यावर पाणी आणायचे काम त्याच्या नावासमोर आले, तर स्काऊट मास्टरने ते बदलून देऊ नये.

आपले,
काही स्काऊट मास्टर