पगारपत्रकाच्या फाइलमधले मॅक्रो ब्लॉक आणि तुमच्या सपोर्टचे उलटे सल्ले

प्रति,
कस्टमर सपोर्ट विभाग
(आणि ही फाइल तुमच्याकडे जे कोणी बनवतात त्यांनाही पाठवा, कारण सपोर्टवाल्यांच्या आवाक्यातलं हे काम दिसत नाही)

विषय: पासवर्ड असलेल्या पगारपत्रकाच्या फाइलमधले मॅक्रो (म्हणजे फाइलच्या आतले, आपोआप कामं करणारे छोटे प्रोग्राम) अपडेटनंतर चालत नाहीत, त्याबद्दल लेखी तक्रार

नमस्कार,

मी ऑफिसात पगार आणि हजेरीचं बघते. तुमची पगारपत्रकाची एक्सेल फाइल आम्ही बरीच वर्षं वापरतोय आणि फाइल कामाची आहे यात वाद नाही, म्हणून तर एवढं लांबलचक लिहायला बसले, नाहीतर गपचूप दुसरं काहीतरी घेतलं असतं. पण या वेळचं अपडेट झाल्यापासून जे काही चाललंय ते फोनवर सांगून सांगून घसा कोरडा पडला, दर वेळी नवीन माणूस उचलतो आणि पहिल्यापासून सगळं सांगा म्हणतो, म्हणून आता एकदाच सगळं लिहून देतेय.

तर झालं असं, नेहमीप्रमाणे तुम्ही आमची भरलेली फाइल मागवून घेतली, आत नवीन नियमांप्रमाणे बदल केले आणि झिप करून डाउनलोड लिंक पाठवली. झिप उघडली, फाइल ओपन केली, पासवर्ड टाकला, इथपर्यंत ठीक. पुढे बघते तर वर लाल पट्टी, की फाइलचा सोर्स भरवशाचा नाही म्हणून मॅक्रो ब्लॉक केलेत. आणि खाली अख्ख्या फाइलमध्ये एकच शीट, तुमचं ते स्वागताचं, मोठ्या अक्षरात "कृपया मॅक्रो सुरू करा" आणि शेजारी पिवळ्या पट्टीचा फोटो, त्यात एनेबल कंटेंट बटणाकडे बाण. आता माझ्या स्क्रीनवर पट्टी लाल आहे, तिच्यावर एनेबल कंटेंट नावाचं बटणच नाही, फक्त अधिक माहितीची लिंक आहे, आणि तुमचा बाण मात्र न दिसणाऱ्या बटणाकडे बोट दाखवतोय. तुमच्या मदतीच्या पीडीएफमध्येही तोच फोटो. हे लाल पट्टीचं काल परवा आलेलं नाहीये हो. मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०२२ मध्ये जाहीर केलं होतं की इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो आता डीफॉल्टनेच ब्लॉक होणार, मधे जुलैमध्ये थोडं थांबवलं आणि त्याच महिन्यात परत चालू केलं. मॅक्रोवर धंदा करणाऱ्या कंपनीला हे माहीत नसावं आणि पगारपत्रक करणाऱ्या बाईला शोधून काढावं लागावं, हे काही पटत नाही.

आता तुमच्या सपोर्टने काय काय सांगितलं ते ऐका. पहिल्यांदा एक्सेल काढून परत टाका. टाकलं, पट्टी तिथंच. मग एक्सेलच्या सुरक्षेच्या सेटिंगमध्ये, म्हणजे ट्रस्ट सेंटरमध्ये जाऊन सगळे मॅक्रो एनेबल करा. म्हणजे तुमची एक फाइल चालावी म्हणून जगातल्या कोणाच्याही फाइलमधला मॅक्रो माझ्या मशीनवर न विचारता चालू द्यायचा! तरी त्यांच्या समोर, फोन चालू असताना करून दाखवलं, पट्टी जिथल्या तिथं, लगेच सेटिंग पूर्ववत केली. मग म्हणे फाइलचा पासवर्डच काढून टाका. अहो पगाराची फाइल आहे ती, प्रत्येकाचा पगार, बँक खातं, कपात सगळं आत आहे, पासवर्ड काढून ती शेअर फोल्डरला ठेवू?

आणि सगळ्यात कडी म्हणजे अँटीव्हायरस काढून बघा. हा सल्ला तर शंभर टक्के उलटा आहे, ते पुढे सांगते.

शेवटी आमचा सिस्टिमवाला मुलगा बसला माझ्यासोबत आणि जे तुमच्याकडून कळायला हवं होतं ते त्याने दाखवलं. डाउनलोड झालेल्या फाइलला विंडोज एक खूण चिकटवतं, मार्क ऑफ द वेब म्हणतात, फाइलच्या मागे लपलेली छोटीशी नोंद असते, तिच्यात झोनआयडी ३ म्हणजे ही इंटरनेटवरून आलीये. झिपला खूण असेल तर विंडोजमधूनच झिप उघडल्यावर आतल्या फाइलींनाही ती लागते. म्हणून करायचं काय, तर झिपवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, जनरल टॅबमध्ये सगळ्यात खाली अनब्लॉकवर टिक, ओके, आणि मगच एक्स्ट्रॅक्ट. झालं! अर्थात फाइल नक्की तुमच्याकडूनच आलीये याची खात्री असेल तरच हे करायचं, आणि ती खात्री करून घ्यायला तुम्ही काही सोय ठेवलेली नाही, तोही मुद्दा आहेच. चार ओळींचं काम, तुमच्या पीडीएफमध्ये कुठेही नाही.

माझ्या मशीनवर चालू झालं. मग फाइल सर्व्हरवरच्या शेअर फोल्डरला ठेवली, तर माझ्याकडे चालते आणि शेजारच्या टेबलवर परत लाल पट्टी. तीच फाइल, तोच पासवर्ड, एक्सेलही तेच. तुमच्या माणसाला सांगितलं तर म्हणतो त्यांच्या मशीनमध्ये प्रॉब्लेम असेल, फॉरमॅट मारा. शोधल्यावर निघालं की माझ्याकडे ड्राइव्ह सर्व्हरच्या नावाने जोडलाय आणि तिच्याकडे आयपी अॅड्रेसने, म्हणजे सर्व्हरच्या आकड्यांच्या पत्त्याने, आणि आयपी अॅड्रेसचा पाथ असला की विंडोज त्याला ऑफिसातलं नेटवर्क न समजता इंटरनेट समजतं. नावाने जोडून दिलं, पट्टी गेली. यासाठी फॉरमॅट मारणार होते, म्हणजे बघा.

आता तिसरं मशीन, आणि इथेच ती अँटीव्हायरसची गंमत. आमचे काही लोक सर्व्हरवर रिमोट लॉगिन करून काम करतात. तिथे अनब्लॉक केलेली फाइल, पाथही बरोबर, तरी मॅक्रो बंद, आणि मेसेज वेगळाच, की एन्क्रिप्टेड (म्हणजे पासवर्डशिवाय वाचता न येणारे) मॅक्रो स्कॅन करता येत नाहीत म्हणून बंद ठेवलेत. लाल पट्टीचा याच्याशी संबंधच नाही. फाइलला ओपन करायचा पासवर्ड दिला की एक्सेल अख्खी फाइल एन्क्रिप्ट करतं, मॅक्रोसकट. साधी एक्सएलएसएम, म्हणजे मॅक्रोवाली एक्सेल फाइल आतून झिपच असते, अँटीव्हायरस आत डोकावून मॅक्रो बघू शकतो, पण पासवर्ड लागला की त्याला बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून एक्सेलचा डीफॉल्ट नियम असा आहे की एन्क्रिप्टेड मॅक्रो आधी अँटीव्हायरसने स्कॅन व्हायला पाहिजेत, आणि मशीनवर अँटीव्हायरसच नसेल तर मॅक्रो बंद. त्या सर्व्हरवर अँटीव्हायरस नव्हता, जुन्याची मुदत संपली म्हणून काढलेला आणि नवीन टाकायचा राहिलेला. नवीन टाकला आणि मॅक्रो चालू झाले. आता सांगा, जिथे अँटीव्हायरस नाही म्हणून मॅक्रो अडलेत तिथे तुमचा सपोर्ट म्हणतोय अँटीव्हायरस काढा. ताप आलेल्याला गार पाण्यात बसवण्यातला प्रकार. बरं आमच्या मुलाने ऐकलं नाही म्हणून, नाहीतर ज्या मशीनवर मॅक्रो चालत होते तिथेही ते बंद पडू शकले असते.

त्याच दिवशी तुमच्याकडून मेलवर एक रजिस्ट्रीची (विंडोजच्या आतल्या सेटिंग बदलणारी) फाइल आली, "ही डबल क्लिक करा, प्रॉब्लेम सॉल्व्ह". आत काय आहे, काय बदलतं, एक अक्षर नाही. नोटपॅडमध्ये उघडून बघितलं तर एन्क्रिप्टेड मॅक्रो स्कॅन न करताच चालवायचे अशी सेटिंग! ही सेटिंग अस्तित्वात आहे हे मान्य, पण ती कोणी, कधी आणि कुठल्या मशीनवर करायची हे आमच्या सिस्टिमवाल्याने ठरवायचं, डबल क्लिक करून अकाउंट्सच्या बाईने नाही. पासवर्ड लावलेल्या फाइली पाठवून स्कॅनरला चकवायचं हा व्हायरसवाल्यांचा जुना धंदा आहे, इमोटेट नावाचा व्हायरस पसरवणारे पासवर्डवाल्या झिपच पाठवायचे मेलमध्ये आणि पासवर्ड मेलमध्येच लिहिलेला असायचा. तुमचा मेलपण डिट्टो तसाच, झिप, घाई करा, हे डबल क्लिक करा. उद्या कोणी तुमच्या नावाने खोटा मेल पाठवला तर आम्ही ओळखायचं कशावरून?

हे सगळं तरी एक वेळ सोडून दिलं असतं. पण खरी चीड ज्याची आली ते वेगळंच आहे. मॅक्रो बंद असताना माझाच डेटा मला दिसत नव्हता. तुम्ही काय केलंय, तर सगळी शीट व्हेरी हिडन करून ठेवलीत, म्हणजे अनहाइडच्या यादीतसुद्धा येत नाहीत, आणि फाइल उघडताना मॅक्रो चालला तरच ती बाहेर येतात. वर वर्कबुकच्या स्ट्रक्चरला (म्हणजे शीट दाखवायची-लपवायची मुभा जिथे असते तिथे) तुमचा पासवर्ड, व्हीबीए प्रोजेक्टला (म्हणजे मॅक्रोच्या कोडला) तुमचा पासवर्ड. बाहेरच्या दाराची किल्ली माझी आणि आतल्या सगळ्या खोल्यांच्या तुमच्याकडे. महिनाअखेर तोंडावर आलेली, पगार करायचेत, फोन लावला तर "तिकीट टाकलंय मॅडम, टेक्निकल टीम बघेल".

पगार कसे केले ते पण सांगते, म्हणजे तुमच्या टेक्निकल टीमला कळेल. फाइल पासवर्ड टाकून उघडी ठेवली, शेजारी कोरी फाइल घेतली आणि तिच्यात फॉर्म्युला लिहिला, बरोबरचं चिन्ह, चौकोनी कंसात तुमच्या फाइलचं नाव, शीटचं नाव, सेल. शीटची नावं रोज बघून पाठ होतीच. व्हेरी हिडन शीटमधलेही आकडे आले धडाधड, खाली ओढलं, उजवीकडे ओढलं, आख्खं पगारपत्रक बाहेर. म्हणजे तुमच्या त्या लपवालपवीने कोणाही चोराला अडवलं नाही, अडवलं ते फक्त पैसे भरून घेणाऱ्या गिऱ्हाइकाला. शीट लपवणं, शीट प्रोटेक्ट करणं ही चुकून कोणाचा हात लागू नये म्हणून असलेली सोय आहे, सिक्युरिटी म्हणून ती विकू नका. खरं कुलूप एकच, ओपन करायचा पासवर्ड, आणि नेमका तोच काढा म्हणून तुम्ही मला सांगत होतात.

जाता जाता अजून एक. सगळं सुरळीत झाल्यावरही मधूनच "रन टाइम एरर १००४" येतो, सेल प्रोटेक्टेड आहे म्हणून. तुमचं प्रोटेक्शन "मॅक्रोला लिहू दे, माणसाला नको" अशा प्रकारचं आहे आणि ती परवानगी फाइल बंद केली की टिकत नाही, दर वेळी उघडताना परत द्यावी लागते. ती देणारा मॅक्रो फाइल उघडल्यावर आपोआप चालतो, पण दुसरी कुठली मॅक्रोवाली फाइल आधी उघडी असेल आणि तिने इव्हेंट (फाइल उघडली की मॅक्रो आपोआप चालवणारी सोय) बंद करून ठेवलेले असतील तर तो चालतच नाही, आणि मग बटण दाबलं की १००४. ती परवानगी प्रत्येक बटणाच्या कोडमध्ये सुरुवातीलाच द्या ना, एका ओळीचं तर काम आहे.

आता मला काय हवंय. पहिलं म्हणजे व्हीबीए प्रोजेक्टवर डिजिटल सही करा, नीट कोड साइनिंग सर्टिफिकेट (कोड खरंच तुमचाच आहे हे दाखवणारं) घेऊन. आमचा सिस्टिमवाला तुम्हाला ट्रस्टेड पब्लिशर, म्हणजे भरवशाची कंपनी म्हणून सगळ्या मशीनवर टाकेल, मग दर अपडेटला अनब्लॉकची कसरत नको आणि मधल्यामध्ये कोणी मॅक्रोत फेरफार केला तर सही तुटलेली लगेच दिसेल. खोट्या मेलचा प्रश्नही बराचसा तिथेच सुटतो. तुम्ही आमच्याकडून दर वर्षी जे पैसे घेता त्यात हे बसायला पाहिजे, त्यासाठी वेगळा चार्ज मागू नका.

दुसरं, मॅक्रो बंद असले तरी डेटा दिसलाच पाहिजे. बटणं चालू नका देऊ, हिशोब नका करू देऊ, पण भरलेले आकडे वाचता आणि प्रिंट करता यायला हवेत. स्ट्रक्चरचा पासवर्ड आम्हाला लेखी द्या, कोड तुमचा आहे तो खुशाल कुलपात ठेवा, पण डेटा आमचा आहे. यावर मी मागे हटणार नाही, रिन्यूअलच्या आधी याचं उत्तर आलं नाही तर रिन्यूअल होणार नाही, हे साहेबांशी बोलून लिहितेय.

पीडीएफमधला तो पिवळ्या पट्टीचा फोटो काढा आणि लाल पट्टी, शेअर फोल्डरचा पाथ, अँटीव्हायरसचा मेसेज, हे तीन प्रकार वेगवेगळे लिहा, कारण तिन्हीला "मॅक्रो चालत नाही" एवढंच म्हटलं की कोणीच कोणाला मदत करू शकत नाही. वर लिहिलंय त्यातलं हवं ते उचला, माझी हरकत नाही. आणि ती रजिस्ट्रीची फाइल अजून कोणाकोणाला पाठवली असेल त्यांना ती नक्की काय करते ते कळवा, उलट करायची फाइलही द्या, आमच्याकडे कोणी डबल क्लिक केलं नाही पण सगळीकडे तसं असेलच असं नाही.

उत्तर लेखी पाठवा, मेलवर चालेल. फोन करणार असाल तर ज्याने फाइल बनवलीये त्यालाच बसवा आणि दुपारनंतर करा, सकाळी हजेरी असते. स्क्रीनवर रिमोटने यायचं असेल तर आधी आमच्या सिस्टिमवाल्याशी बोला, मी परस्पर कोणाला आत घेणार नाही. लाल पट्टीचा, अँटीव्हायरसच्या मेसेजचा आणि १००४ चा स्क्रीनशॉट सोबत जोडलाय, पगाराचे आकडे पुसून.

आपली,
पगार व हजेरी विभाग