बियांचे दालन आणि आमचा कडुनिंब

महोदय,

शांघायच्या जागतिक प्रदर्शनातल्या 'बियांच्या दालना'वरचा तुमचा कालचा लेख वाचला. छायाचित्रे झकास. पण 'आपल्या सोलापूरच्या होम मैदानावरही असे काही उभे राहावे' या शेवटच्या वाक्याने राहवले नाही, म्हणून हे पत्र.

2010 च्या त्या ब्रिटिश दालनात 60 हजार ॲक्रिलिकच्या कांड्या होत्या आणि प्रत्येकीच्या टोकात खरे बी. दिवसाचा उजेड त्या साडेसात मीटर लांब कांड्यांतूनच आत बियांपर्यंत यायचा. बी काढून घ्या, मग आत बघायला उरते काय? रचना थॉमस हेदरविक यांची, पण बिया चीनमधल्याच कुनमिंगच्या वनस्पतिसंस्थेच्या. लंडनच्या क्यू उद्यानाची बीजपेढी तिच्या जोडीला. लेखात कांड्यांचे कौतुक दोन रकाने, बियांना जेमतेम एक ओळ.

आता आमच्याकडचे. गेल्या वर्षी शहरातल्या एका प्रदर्शनाची संकल्पनाच 'निसर्ग' होती. कमानीसाठी मैदानाच्या कडेचा जुना कडुनिंब आयताच सापडला. बुंध्यात चार इंची खिळे, खिळ्यांना हिरवी जाळी, जाळीवर प्लास्टिकची पाने! वरचा खरा पाला बॅनरला आडवा येतो म्हणून छाटलेला. मांडववाल्या पोराला हटकले, तर म्हणाला, "काका, खरा पाला दोन दिवसांत वाळतोय की." त्याचे काय चुकले म्हणा, सांगितले ते त्याने केले. आयोजकांकडे गेलो, तर त्यांनी मला सत्कारमूर्ती समजून पुढच्या रांगेत बसवले आणि तक्रार ऐकायला कोणी फिरकलेच नाही. प्रदर्शन उठले, पाने गेली, खिळे अजून तिथेच आहेत. भोवती डिंक साकळलाय.

आत थर्माकोलचा धबधबाही होता. सोलापुरात धबधबा! आमचा निसर्ग म्हणजे नान्नजचा माळ. तिथल्या माळढोक पक्ष्याला गवत लागते, धबधबा नव्हे. पण गवतापुढे सेल्फी कोण काढणार? एका स्टॉलवर मालदांडी ज्वारीचे बी मागितले, तर संकरित मक्याची पिशवी पुढे आली.

दालन जरूर उभारा. फक्त आधी बोर, बाभूळ, हिवर, पवन्या गवत यांचे बी गोळा करायला कोणाला तरी माळावर पाठवा, आणि मग वास्तुविशारदाला बोलवा.

जाता जाता, पाणीपुरवठ्यावरचे माझे मागचे पत्र तुम्ही निम्मे कापलेत आणि नेमके मुद्द्याचे निम्मे गेले. याही वेळी जागा कमी पडलीच, तर शांघाय कापा, खिळे राहू द्या.

- एक जुना वाचक, सोलापूर