ठिबक अनुदान : रविवारी कागदपत्रांसह हजर राहावे

गटातील सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी १० वाजता ग्रामपंचायत सभागृहात महाडीबीटीवर (शासकीय योजनांच्या अर्जाचे संकेतस्थळ) ठिबक व तुषार संचाचे अर्ज भरायचे आहेत. कृषी सहायकही थांबणार आहेत.

शेतकरी ओळख क्रमांक (फार्मर आयडी) काढला नसेल तर शनिवारपर्यंत सेवा केंद्रात जाऊन काढा. १५ एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांना तो सक्तीचा आहे.

सोबत आणा :
• आधार कार्ड आणि आधारला जोडलेला मोबाइल. ओटीपी त्याच नंबरवर येतो. ते सिम मुलाकडे पुण्याला असेल तर त्याला फोनजवळ थांबायला सांगा.
• सातबारा, आठ-अ. विहीर किंवा बोअरची नोंद आहे का, ते घरीच पाहून घ्या.
• आधारशी जोडलेल्या खात्याचे पासबुक.

अनुदान २ हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला ८० टक्के, इतरांना ७५ टक्के. हे शासनाने ठरवलेल्या मापदंड खर्चावर मिळते, दुकानदाराच्या बिलावर नाही. त्यामुळे पदरचे थोडे जास्त घालावे लागतील, हे धरूनच चला.

सर्वांना कळकळीची विनंती : कृषी विभागाची पूर्वसंमती (खरेदीआधीची मंजुरी) हातात येईपर्यंत संच विकत घेऊ नका. "आता घ्या, अनुदान नंतर बसवू" असे कोणी कितीही सांगितले तरी नाही. आधीच्या तारखेच्या बिलावर अनुदान मिळत नाही आणि कर्ज मात्र अंगावर राहते.

जमीन आईच्या किंवा पत्नीच्या नावावर असेल तर अर्जही त्यांच्याच नावाने होईल, म्हणून त्यांना सोबत आणा. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत गटाच्या सचिवांकडे नाव द्यावे.