वहिनींना धीर देताना

पुणे, रविवार

प्रिय सुजाता,

वहिनींच्या बायॉप्सीत स्तनाचा कर्करोग निघाल्याचं कळलं आणि काळजात चर्र झालं. "त्यांना खंबीर कसं करू?" असं तू विचारलंस. मी यातून गेलेय, आता वॉर्डात इतर बायकांना भेटायलाही जाते, म्हणून जरा हक्काने लिहिते.

आधी "पॉझिटिव्ह राहा" हे घरात कुणालाही म्हणू देऊ नकोस. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग कर्करोग रुग्णालयातल्या मनोविकारतज्ज्ञ डॉ. जिमी हॉलंड याला सकारात्मक विचारांची जुलूमशाही म्हणत, आणि मला ते पुरेपूर पटतं. रडलं तर आजार वाढेल या धाकाने बायका बाथरूममध्ये नळ सोडून रडतात गं! आजार पसरलेल्या ज्या बायका गटात बसून मन मोकळं करतात त्या जास्त जगतात, असं 1989 च्या एका अभ्यासात दिसलं होतं. 2001 च्या मोठ्या अभ्यासात आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. मनाचा त्रास आणि दुखणं मात्र कमी झालं. तेही काही थोडं नाही. पण मन खचलं म्हणून आजार बळावला, असा ठपका वहिनींवर कुणी ठेवू नये.

धीर येतो तो पुढे काय होणार हे कळल्याने. केमोत डॉक्सोरुबिसिन नावाचं औषध असेल तर ते लालभडक असतं आणि नंतर एखाद-दोन दिवस लघवीही लालसर होते. मला भेटलेल्या एका बाईंना हे कुणी सांगितलंच नव्हतं. रक्त जातंय असं समजून त्या रात्रभर जाग्या राहिल्या, नवऱ्यालाही उठवलं नाही. एका वाक्याने ती रात्र टळली असती. म्हणून प्रत्येक वेळी डॉक्टरांना विचारा, घरी गेल्यावर काय काय होईल, आणि वहीत लिहून ठेवा. सगळं एकदम नको. वहिनींना जेवढं ऐकायचंय तेवढंच.

केस साधारण दोन-तीन आठवड्यांत गळू लागतात. आधीच बारीक कापायचे का, हे त्यांनाच ठरवू दे. ऑपरेशननंतर जखमेतलं पाणी बाहेर यायला नळी लावतात, तिच्या बाटलीत किती पाणी जमलं ते मोजून लिहायचं काम जमेल तसं त्यांच्याकडेच राहू दे. भिंतीवर बोटं चढवत हात वर न्यायचा व्यायाम असतो. मी पोचले तिथे पेन्सिलीने खूण करायचे. बाकी काहीच हातात नसताना ती खूण बोटभर वर सरकली की त्या दिवशी जेवण जायचं.

आणि यातून गेलेली एक तरी बाई त्यांना भेटायला हवी. 1952 मध्ये न्यूयॉर्कच्या टेरीस लॅसर यांचं स्तन काढलं, तेव्हा पुढे कसं जगायचं हे त्यांना कुणी धड सांगेना. मग त्या स्वतःच इतर बायकांच्या खाटेपाशी जाऊ लागल्या. यातून गेलेल्या बायकांनी नव्या रुग्णांना भेटून धीर द्यायचा, हे 'रीच टू रिकव्हरी'चं काम तिथूनच उभं राहिलं. वहिनींची इच्छा असेल तर मी सांगलीला येईन. त्यांना विचारल्याशिवाय मात्र माझा नंबर देऊ नकोस.

दादाला सांग, वहिनींच्या ऑपरेशनचे टाके बघायची त्याला भीती वाटत असेल तर तसं तिला सरळ सांगावं. तो गप्प राहिला तर बाई त्याचा अर्थ किळस असाच लावते.

दोन आठवडे झोप नाही, कशातच मन नाही, "मी नसले तर बरं" असं बोलणं, यातलं काही दिसलं तर समजूत घालत बसू नका, मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. मरणाचं बोलणं निघालं तर त्याच दिवशी. पुढे टॅमॉक्सिफेन हे कर्करोगावरचं औषध सुरू झालं तर तेही मनोविकारतज्ज्ञांना आवर्जून सांगा, कारण नैराश्यावरची काही औषधं त्याचा परिणाम कमी करू शकतात.

उपचार संपले की पाहुणे आणि फोन दोन्ही थांबतात. माझे सगळ्यात वाईट दिवस तेव्हाचे. तेव्हा तू सांगलीला राहायला जा, आतापासूनच रजा राखून ठेव.

काकूंना नमस्कार. पहिल्या केमोची तारीख कळव.

तुझी,
शुभा